धवलारणीची गाडी

आमच्या घरात लग्नसराई जवळ आली हे आत्याच्या घशावरून कळायचं. माघ सरता सरता ती माठातलं पाणी सोडून कोमट पाण्यावर यायची, गालात ज्येष्ठमधाची काडी धरायची, आणि सकाळी चुलीपुढं भाकरी थापता थापता एकेक गाणं हळूच काढून बघायची. पेटीतली लुगडी उलगडून कुठं कसर लागली नाही ना हे बघावं, तसं. हिराआत्या धवलारीण होती. आमच्या शहापूर-मुरबाडच्या गावांत भटजी मंत्र म्हणून लग्न लावतो, पण त्याआधी हळद कुटायची, तेल चढवायचं, नवरीला न्हाऊ घालायचं, या प्रत्येक कामाचा वेगळा धवला असतो. धवला म्हणजे गाणं, आणि ही गाणी जिला पाठ ती धवलारीण. ती येईपर्यंत मुसळाला कोणी हात लावत नाही. आत्याला असे किती धवले येत होते ते तिलाही ठाऊक नव्हतं. वहीत उतरवलेलं काही नव्हतं, कारण तिला अक्षर येत नव्हतं.

घरात आम्ही पाच माणसं. बा, आय, मी, आत्या आणि आत्याचा नवरा, ज्यांना मी मामा म्हणायचे. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. सासरी भावाभावांत पटेना म्हणून चार दिवसांसाठी आमच्याकडे आली ती कायमचीच राहिली. मामा वाशिंदला एका कारखान्यात पाळीवर जायचे. तिथल्या एका साहेबाची वापरलेली लाल मोटरसायकल त्यांनी घेतली, आणि कामावर जायला घेतली असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर ती आत्यासाठी होती. त्याआधी लग्नघरची माणसं आत्याला बैलगाडीतून न्यायची, नाहीतर ती यष्टीच्या फाट्यावर उतरून मैल मैल चालायची. गाडी आल्यावर मामा सगळ्या सुट्ट्या चैत्र-वैशाखासाठी राखून ठेवू लागले. आत्याला मांडवाच्या दारात सोडायचं आणि आपण बाहेर एखाद्या झाडाखाली शर्टाची बटणं सोडून बसायचं. गावातले पुरुष हसायचे. "बायकोचा डायवर झालास काय रे?" असं विचारायचे. मामा म्हणायचे, "झालो. तुमाला कोनी ठेवतंय का बघा."

गाडी मला मामांनीच शिकवली. भातं कापून झाल्यावर शेतं मोकळी होतात, त्या वेळी सड टोचत असतानाही मी अनवाणी गाडीवर बसायचे आणि मामा बाजूनं धावायचे. बा बांधावर उभा राहून डोळे झाकून घ्यायचा. तो जन्मात कधी त्या गाडीवर बसला नाही. गंमत म्हणून शिकलेली ती विद्या पुढं कामाला येईल असं कुणाला वाटलं होतं! पुढच्याच चैत्रात मामा कैऱ्या काढताना आंब्यावरून पडले आणि त्यांचा पाय घोट्यात मोडला. प्लास्टर चढलं. आत्याची तर सोळा-सतरा लग्नं ठरलेली. रात्रीच्या जेवणाला वालाचं बिरडं होतं, आणि कुणीच नीट जेवत नव्हतं. शेवटी मामाच म्हणाले, "मंगल नेईल."

"पोरगी?" बा म्हणाला.

"पोरगी काय? क्लच दाबता येतो, ब्रेक लावता येतो. अजून काय लागतं?"

आय ताटाकडे बघत म्हणाली, "पंजाबी डरेस शिवावा लागंल." यावरून तिची परवानगी आहे असं मी समजले. लायसन्स मला त्यानंतर दोन वर्षांनी मिळालं, हे आता सांगायला हरकत नाही.

आज माझा मुलगा सकाळीच फोनमध्ये बघतो आणि बाहेर किती डिग्री होणार ते सांगून मला घरात बसवतो. आमचं माप वेगळं होतं. पेट्रोलच्या टाकीवर तळहात ठेवायचा. दहा आकडे मोजेपर्यंत ठेवता आला तर ऊन बरं. तीनला उचलला तर निघायचं नाही. सीटवर ओलं गोणपाट टाकून ठेवायचं, ते निघायच्या वेळी काढायचं, तरी बसताना दोघींच्या तोंडून एकदम आवाज निघायचा. वारा लागेल म्हणून जोरात जावं तर तो भट्टीच्या तोंडातून आल्यासारखा यायचा, आणि हळू जावं तर खालून इंजिन पोटऱ्या भाजायचं. माझ्या उजव्या पोटरीवर सायलेन्सरचा डाग अजून आहे. किन्हवलीच्या पुढं डांबर वितळायचं तेव्हा चाकांचा आवाज बदलायचा, भिजलेल्या कागदावरून चालल्यासारखा. डोळ्यांत पाणीच उरायचं नाही, पापण्या मिटताना खरखरायच्या. आणि तरी मला ते आवडायचं. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, मागं आत्याचा हात खांद्यावर, पिशवीत कांदा आणि कैरीचं पन्हं, दोन्ही बाजूंना पानं झडलेले साग, आणि कुठंतरी तांबट पक्षी ठोके घालतोय. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी माझ्याइतकी सुखी मुलगी त्या रस्त्यावर दुसरी नसेल.

मामांचे नियम होते. उजाडताच निघायचं. अकराला जिथं असाल तिथं थांबायचं. तहान लागायच्या आधी प्यायचं. ऊन कलंडल्याशिवाय पुढं जायचं नाही. ते म्हणायचे, "गाडी तापली की बंद पडते, म्हनून ती वाचते. मानूस तसाच चालत ऱ्हातो." पहिले पंधरा दिवस मी हे सगळं अक्षरशः पाळलं. मग सरळगावजवळच्या एका लग्नात आम्ही थांबत थांबत पोचलो, हळदीला थोडा उशीर झाला, आणि नवऱ्या मुलाचा काका सगळ्यांदेखत बोलला, "यांचे मालक आणायचे तवा टाइमात यायच्या. आता काय, बाईच्या हातात गाडी!" आत्यानं ते कानाआड केलं आणि गायला बसली. मी मांडवाबाहेर गाडीला टेकून उभी होते. मला ते वाक्य दिवसभर चावत राहिलं.

त्यानंतर चार दिवसांनी दोन लग्नं एका दिवशी आली. सकाळचं किन्हवलीच्या अलीकडं, आणि संध्याकाळचं थेट वैशाखऱ्याला, माळशेजच्या रस्त्यावर. सकाळचं लग्न लागलं, जेवणं झाली. यजमानीणबाईंनी ओटीवर चटई टाकली आणि आत्याला म्हणाल्या, "पड गो जरा, चारला निघ." आत्या पडली. मी टाकीला हात लावून बघितला. तीनच्या आत उचलावा लागला. तरी मी आत जाऊन आत्याला उठवलं.

"ऊन कलंडू दे गो," ती म्हणाली.

"तासाभराचा तर रस्ता. त्यांची हळद खोळंबंल. मग बोलतील."

"बोलू देत."

"तुला नाय बोलत. मला बोलतात."

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. मग उठली, तोंडावर पाणी मारलं, लुगड्याचा काष्टा नीट केला आणि येऊन मागं बसली. तिनं नाही म्हटलं असतं तर मी गेले नसते. पण सकाळपासून पाच तास गाऊन तिचा घसा सुकला होता, आणि माझ्याशी वाद घालण्यापेक्षा गाडीवर बसणं तिला सोपं वाटलं असेल.

सरळगाव मागं पडलं. टोकावड्याच्या रस्त्याला एक माणूस दिसेना, एक कुत्रं दिसेना. पन्हं संपलं होतं. डब्यातलं पाणी ताज्या चहासारखं गरम होतं, तरी मी ते आत्याला दिलं, तिनं नको म्हटलं आणि मी आग्रह केला नाही. पुढं थोड्या वेळानं ती गायला लागली. मला बरंच वाटलं. म्हटलं, संध्याकाळची तयारी करतेय. हळदीचा धवला होता. चालही बरोबर होती. मग मधेच त्यात नवरी सासरी धाडायच्या गाण्याचे शब्द आले. मग परत हळद. आत्या कधीही चुकत नसे. झोपेतून उठवून विचारलं तरी ज्या जागी सोडलं तिथून उचलायची. मी म्हटलं, "आत्या, हे कुठलं?" तर ती म्हणाली, "सखू, तू उखळ धर ना नीट." सखू तिची थोरली बहीण, माझ्या जन्माआधी वारलेली.

मी खांद्यावरच्या तिच्या हाताला हात लावला. तो कोरडा होता, पापडासारखा, आणि टाकीइतका तापलेला. घामाचा थेंब नाही.

मी गाडी थांबवली. सावली म्हणावी असं झाड जवळ नव्हतं. आत्या उतरेना, खाली बसवावं तर डांबरावर पाय ठेववत नव्हता. ती गातच होती, आणि डोळे माझ्यावरून पलीकडं कुठंतरी लागले होते. मी ओढणी काढली, तिच्या कमरेमागून घेऊन माझ्या पोटावर घट्ट गाठ मारली आणि गाडी सुरू केली. रडायला यायचं ते सुद्धा येईना. पुढं रस्त्याच्या वर एक कातकरवाडी होती, दहा-बारा झोपड्यांची. येता-जाता कायम दिसायची, पण त्या वाटेला आमचं कुणी कधी वळलं नव्हतं. वाडीकडं जाणारी खडीची वाट मी कशी चढले ते मला आठवत नाही. आत्याचं डोकं माझ्या पाठीवर आपटत होतं आणि गाणं अजून चालूच होतं, आता नुसतं गुणगुणणं.

वाटेतच तीन बाया भेटल्या, डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन येणाऱ्या. खालच्या ओढ्यात एक झरा उरला होता, त्यातनं वाटी-वाटीनं हंडे भरायचे, म्हणून त्यांची पाळी अशी भर दुपारी आली होती. सगळ्यांत पुढची होती तिचं नाव ठकी, हे मला नंतर कळलं. तिनं आमच्याकडं एकदाच पाहिलं. हंडे उतरवले, आत्याला माझ्यापासून सोडवून एका करंजाच्या सावलीत ओढली, आणि काही न विचारता एक भरलेला हंडा तिच्या डोक्यावर ओतला. मग दुसरा छातीवर. मग मागं वळून म्हणाली, "आणा गो तुमचं." त्या दोघींनी पण आपले हंडे आणले. सहा हंडे. तेवढं पाणी भरायला त्यांचा अर्धा दिवस गेला होता. ठकीनं आत्याची चोळी सैल केली, पळसाच्या पानांनी वारा घालायला लागली आणि मला ओरडली, "बघतंस काय? पाय चोळ!" मी पाणी पाजायला वाकले तर तिनं माझा हात बाजूला केला. "आता नको. शुद्धीत येऊ दे, नायतर ठसका लागंल."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. आत्यानं डोळे उघडले, वरच्या फांदीकडं पाहिलं आणि मग ठकीकडं. "लगीन लागलं काय?" तिनं विचारलं. आवाज घोगरा, पण तिचाच होता. ठकी म्हणाली, "लागंल सावकाश. पयली तू जगतंस का ते बघू." तेव्हा मला रडू आलं. कांदा चेचून तिनं आत्याच्या तळव्यांना चोळला, थोडीशी पेज आणली, मीठ घालून चमच्या-चमच्यानं पाजली. ठकीचा नवरा रस्त्यावर जाऊन उभा राहिला आणि एक जीप थांबवली. आत्याला आम्ही जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मी मागून गाडीवर. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि म्हणाले, पाणी ज्यानं कुणी ओतलं त्यानं फार बरं केलं, आणखी अर्धा तास गेला असता तर मी काही सांगू शकलो नसतो. वैशाखऱ्याला निरोप त्या जीपवाल्यानंच दिला.

तिथलं लग्न काही राहिलं नाही. नवरीची आई नंतर आत्याला बघायला आली तेव्हा हसत सांगत होती: एकीला पहिली ओळ यायची, दुसरीला शेवटची, मधलं सगळं नुसतं हूं-हूं करून काढलं, आणि हळद मात्र छान कुटली गेली. सरळगावच्या त्या काकांचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. माझ्या मनातूनही ते गेलं होतं.

घरी परत आलो तेव्हा आत्या मामांना म्हणाली, "मीच घाई केली. तिला बोलू नका." मी म्हटलं, "खोटं. मी केली." आणि जे झालं ते सगळं सांगितलं, टाकीवरच्या हातापासून. मामा प्लास्टरचा पाय बाजेवर ठेवून ऐकत होते. मला वाटलं आता किल्ली मागतील, आणि मागावी असं मलाही वाटत होतं. त्यांनी आत्याकडं पाहिलं. तिचे ओठ फुटले होते, केस अजून चिकटलेले. मग त्यांनी विचारलं, "पाणी कोनी घातलं म्हणालीस?"

"ठकी म्हनून हाय. कातकरवाडीतली."

"मग आदी तिच्याकडं जाऊन या. बाकीची लग्नं मागून."

नऊ दिवसांनी, उजाडता उजाडता, आम्ही गेलो. आत्यानं एक नवं लुगडं, तांदळाचे पापड आणि फणसाचे गरे बांधून घेतले होते. गाडी चालवताना मी सारखी मागं वळून तिच्याकडं बघत होते, आत्या मागून एवढंच म्हणाली, "सरळ बघ." ठकीनं लुगडं घेतलं, पण गऱ्यांवर पोरं तुटून पडली तेव्हाच ती खरी खूश झाली. आत्या आभाराचं काही बोलायला गेली तर ठकी म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. त्या दिशी तू गाणं अर्धंच सोडलंस. ते पुरं कर. सगळ्या वाडीला त्याचंच लागलंय, पुढं काय झालं म्हनून."

आत्याला आठवेना ती काय गात होती. ठकीनं चाल गुणगुणून दाखवली. मग करंजाखाली बसून आत्यानं हळदीचा धवला पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला. आजारानंतरचं तिचं पहिलं गाणं ते. घसा पूर्ण बरा नव्हता, आवाज दोन ठिकाणी फाटला. वाडीतली सगळी माणसं गोळा झाली होती. संपल्यावर ठकी म्हणाली, "आमच्या येशीचं लगीन हाय पुढच्या पंधरवड्यात. येशील?"

"येईन. गाईन," आत्या म्हणाली.

घरी यावरून बोलणं झालं. बा म्हणाला, कातकऱ्यांच्या लग्नात आपल्यातली धवलारीण कधी गेली नाही, लोक काय म्हणतील. आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लोकांनी त्या दिशी रस्त्यावर यायचं व्हतं, हंडा घेऊन." दोन-तीन घरांनी त्या वर्षी आत्याला बोलावलं नाही हे खरं. पुढल्या वर्षी त्यांनीच माणूस पाठवला, कारण हूं-हूंवर हळद किती दिवस कुटणार!

येशीच्या लग्नाला आम्ही सकाळीच पोचलो. जांभळीच्या पानांचा मांडव, जमीन सारवलेली, एका बाजूला भात आणि सुकटीचा रस्सा शिजत होता. आत्या नवं लुगडं नेसून, घसा साफ करून, मांडवात जाऊन बसली. ठकी आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तू आज पावनी. गायची नाय. आमची म्हातारी हाय गायला." एक बोळकं तोंड असलेली, काठीसारखी वाळलेली बाई कोपऱ्यातून पुढं सरकली आणि गायला लागली. ती बोली आम्हाला निम्मीच कळत होती. आत्या आधी जरा अवघडली. मग तिनं पाय पसरले, पाठ कुडाला टेकली आणि ऐकत राहिली. आम्ही घरातल्यांनी तिला इतकी वर्षं ऐकलं होतं. ती ऐकताना कशी दिसते हे मी त्या दिवशी पाहिलं. अगदी लहान मुलीसारखी दिसत होती. दुपारी दोघींनी पत्रावळीवर भात-रस्सा खाल्ला, मी दोनदा मागून घेतला.

नवऱ्याची वाडी तीन मैलांवर होती. ऊन उतरल्यावर वरात निघायची वेळ आली तेव्हा ठकी माझ्याकडं आली. "तुझ्या गाडीवर नेतंस का दोघांना? आमच्यात कोन कधी गाडीवर गेलं नाय." मी गोणपाट भिजवून सीटवर टाकलं, हातानं दाबून बघितलं, आणि मग त्यांना बसवलं. मधे येशी, मागं नवरा, दोघांच्या शेल्यांची गाठ चाकात जाऊ नये म्हणून ती येशीच्या मांडीवर. वरात पुढं चालत होती, म्हातारी आणि आत्या सगळ्यांत पुढं, म्हणून मला पहिल्या गिअरमध्येच जावं लागलं. इंजिन तापत होतं, पोटऱ्या भाजत होत्या. येशी कानाजवळ सारखी म्हणत होती, "पळव ना गो ताई!" आणि नवरा डोळे मिटून म्हणत होता, "हळू, हळू!" मी नवऱ्याचं ऐकलं.

वाडीच्या तोंडाशी नवऱ्याची आई ताट घेऊन उभी होती. तिनं नवरा-नवरीला ओवाळलं, हळद लावली. मग तिच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, तिनं गाडीच्या दिव्याला हळद लावली, आणि शेवटी माझ्या कपाळाला. तोंडाच्या टॉवेलावर ती सांडली, सगळे हसले. ती हळद दिव्याच्या कडेवर पावसाळा येईपर्यंत राहिली. मामा रोज गाडी पुसायचे, पण तेवढी जागा सोडून. मग त्या बाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मी तो येशीकडं द्यायला लागले तर तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "नवरीचं नंतर. जिनं आनलं तिनं आदी प्यावं." मी प्यायले. वाळा टाकलेलं पाणी होतं ते.